मंदक्रोध

ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या देवाचे दोन तुकडे करण्याची हौस फार जुनी आहे. जुन्या करारातला देव रागीट, शिक्षा करणारा, पूर-दुष्काळ पाठवणारा. नव्या करारातला देव प्रेमळ, क्षमाशील, वात्सल्यमूर्ती. हे वाक्य आपल्याकडच्या शिकल्यासवरलेल्यांच्या तोंडी इतके रुळलेले आहे की ते कुणी तपासून पाहत नाही. गोव्यात तर ते दोन्ही अंगणांतून ऐकू येते. हिंदू मित्र म्हणतात, त्यांचा देव मुळातच कोपिष्ट, पुढे कधीतरी उपरती होऊन प्रेमळ झाला. ख्रिस्ती मित्र जरा ओशाळून म्हणतात, ते जुन्या कराराचे सोडा हो, आमचा भर येशूवर. दोघांचेही चुकते आहे असे माझे म्हणणे आहे. आणि हे चुकणे केवळ पोथीपुरते राहत नाही, त्यातून जिवंत माणसांचे वाईट होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त झाले हैदराबादचे. कामासाठी माझे तिथे वरचेवर जाणे होते. १९५६ पर्यंत मराठवाडा त्याच राज्यात होता, त्यामुळे मराठी माणूस तिथे पाहुणा नाही. काचीगुड्याच्या बाजूला अजून सहज मराठी कानावर पडते. तिथल्या एका मंडळात व्याख्यान ऐकायचा योग आला. वक्त्यांनी ठासून सांगितले की त्यांच्या देवाला माणसाचे भय हवे असते, आपल्या देवाला भाव. टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात एका स्नेह्याबरोबर सिकंदराबादेत एका मोठ्या प्रार्थनासभेला जाऊन बसलो. प्रवचन तेलुगूत, स्नेही कानात हिंदी करून सांगत होता. प्रवचनकारांच्या मते करोना आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत आलेला पूर हा मूर्तिपूजेवर झालेला देवाचा कोप होता. तिथे टाळ्यांऐवजी हालेलुयाचा गजर झाला, एवढाच फरक. दोन्ही ठिकाणचे श्रोते देवाच्या रागाच्या कक्षेबाहेर, खुर्चीत आरामात बसले होते. राग आहे तो पलीकडच्यांचा, किंवा पलीकडच्यांवर. मला भांडायचे आहे ते या खुर्चीशी.

दोन देवांचे हे प्रकरण दुसऱ्या शतकातले आहे. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे गावचा मार्सियन नावाचा एक धनिक रोमला आला. जहाजांचा धंदा होता त्याचा. त्याने सांगून टाकले की जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. जुना करार त्याने सबंध बाजूला सारला. नव्यातलेही लूकचे शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे तेवढी ठेवली, आणि त्यांतही कात्री चालवली. रोमच्या मंडळीने इ. स. १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढले आणि त्याने दिलेली भली मोठी देणगीसुद्धा परत केली. (देणगी परत करणारे देवस्थान आज कुणी दाखवावे!) पैसे परत गेले, मत मात्र राहिले. आजही अर्धे ख्रिस्ती जग नकळत मार्सियनच्याच पंथाचे आहे, आणि आपले टीकाकारही.

आपल्या मातीत त्याचे उत्तर चारशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे. थोमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि भाग दोन: पहिले पुराण आणि दुसरे पुराण. नव्याने ख्रिस्ती झालेल्या साष्टीकरांसाठी लिहायचे तर नुसते येशूचरित्र लिहून त्याचे भागले असते. पण तो आरंभ करतो सृष्टीच्या उत्पत्तीपासून, आणि जुन्या कराराची कथा सांगून मग बेथलेहेमला येतो. पुराणे दोन, त्यांतला देव एक. (या ग्रंथाची भाषा मराठी की कोंकणी, हे मी इथे उकरणार नाही; तो वाद आपल्याला बारा महिने पुरतो.)

आता पुरावा पाहू. नव्या करारात राग नाही म्हणणाऱ्याने मार्कचा तिसरा अध्याय उघडावा. शब्बाथाच्या दिवशी वाळल्या हाताचा एक माणूस सभास्थानात बसलेला आहे, आणि येशू त्याला बरा करतो का, याकडे धर्ममार्तंड डोळे लावून आहेत. बरा केला तर खटला भरायला मोकळे. येशू त्यांच्याकडे बघतो तेव्हा त्याला रागही येतो आणि त्यांच्या कठोरपणाचे दुःखही होते. दोन्ही एकाच वाक्यात आहे. कातर घेऊन कुठे कापणार? देवळातल्या सराफांचे चौरंग उलथणारा येशू याच करारातला, नरकाग्नीबद्दल वारंवार बोलणाराही तोच, आणि शेवटच्या प्रकटीकरणात तर कोकराच्या क्रोधाची गोष्ट आहे. कोकराचा क्रोध! हा शब्दप्रयोग ज्याला सुचला त्याला राग आणि प्रेम वेगळ्या खणांत ठेवायचे नव्हते, हे उघड आहे.

आणि जुन्या करारात प्रेम नाही म्हणणाऱ्याने होशेयाचा अकरावा अध्याय वाचावा. तिथे देव एखाद्या बापासारखा, खरे तर आईसारखाच, आठवणी काढत बसला आहे: याला मी चालायला शिकवले, याला कडेवर घेतले, आणि आता हा माझ्याकडे पाठ फिरवतो. शिक्षा देण्याच्या टोकाला येऊन त्याचेच काळीज उलटते.

आपल्या मराठी बायबलात एक सुंदर शब्द आहे, 'मंदक्रोध'. सोन्याच्या वासराचे प्रकरण होऊन गेल्यावर सीनाय पर्वतावर देव मोशेला स्वतःची ओळख करून देतो, त्यातले हे एक विशेषण. मूळ हिब्रूत शब्दशः 'लांब नाकाचा' असे आहे. राग नाकात असतो ही कल्पना आपल्याला नवी नाही, आपल्याकडेही राग नाकाच्या शेंड्यावरच बसतो. नाक लांब असले की राग शेंड्यावर यायला वेळ लागतो! त्याच ओळखीत देव दयाळू आहे असे म्हटले आहे, आणि त्या हिब्रू शब्दाचे मूळ आहे 'रेहेम', म्हणजे गर्भाशय. हैदराबादेत फिरताना हा शब्द पावलोपावली भेटतो. दुकानाच्या पाटीवर, रिक्षाच्या पाठीवर बिस्मिल्ला लिहिलेले असते, त्यातले रहमान आणि रहीम हे याच सेमिटिक धातूचे. आपण 'रहम कर' म्हणतो तोही तोच. ज्या ग्रंथाचा देव निव्वळ कोपिष्ट म्हणून आपण मोडीत काढतो, त्याने दयेसाठी निवडलेला शब्द आईच्या पोटातला आहे.

मग राग कशावर? तर आमोस वाचा. हा तकोवा गावचा मेंढपाळ. त्याच्या बोलण्याची तऱ्हा फार लबाड आहे. आधी तो दमिष्कावर देवाचा कोप होणार म्हणतो. मग गाझा, मग सोर, मग अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणाऱ्या इस्राएली मंडळींना गुदगुल्या होत असणार. शेजाऱ्यांना शिक्षा, याहून गोड प्रवचन कोणते? मग तो यहूदावर येतो, आणि टाळ्या ऐन भरात असताना इस्राएलवर. आणि इस्राएलचा गुन्हा कुठला सांगतो? गरिबाला एका वहाणजोडासाठी विकता हा. पुढे तो म्हणतो, तुमचे सण आणि तुमची भजने देवाला नकोशी झाली आहेत. गरिबाच्या वतीने आलेला हा राग आहे. तो काढून टाका म्हणणारे लोक बहुधा वहाणा विकत घेणारे असतात, विकले गेलेले नसतात.

अब्राहम हेशेल या पोलंडात जन्मलेल्या यहुदी पंडिताने १९६२ साली 'द प्रॉफेट्स' हा ग्रंथ लिहिला. त्याची आई आणि बहिणी नाझींच्या हत्याकांडात गेल्या होत्या. त्याचा मुद्दा असा, की संदेष्ट्यांच्या देवाचा राग म्हणजे त्याच्या बेपर्वाईचा अंत. प्रेमाचा विरुद्ध शब्द राग नव्हेच, बेपर्वाई. हाच हेशेल १९६५ मध्ये अलाबामात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर मोर्च्यात चालला. आपल्या मुलीला कुणी छळते आहे हे कळल्यावरही ज्याचे मन शांत राहते त्या बापाला आपण स्थितप्रज्ञ म्हणू का? निदान मी तरी म्हणणार नाही.

आता त्या सिकंदराबादच्या प्रवचनाकडे येतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. नदीच्या वरच्या अंगाचे तलाव एकामागून एक फुटले आणि रात्रीत पाणी शहरात शिरले. निदान पंधरा हजार माणसे गेली असे सांगतात. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे, त्याच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे जण वाचले. अमजद हैदराबादी हा उर्दू कवी त्या पुरात वाचला. त्याची आई, बायको आणि मुलगी त्याच्या देखत वाहून गेल्या. त्याच्यापुढे जाऊन 'हा देवाचा कोप' म्हणायची कुणाची छाती आहे? नदी शांत व्हावी म्हणून सहाव्या निजामाने, महबूब अली खानांनी, मुसीची पूजा केली असे शहरात अजून सांगतात. ते खरे असो वा आख्यायिका; पुढच्याच वर्षी विश्वेश्वरय्यांना बोलावणे गेले, त्यांनी वर धरणे बांधायला सांगितले, आणि उस्मानसागर व हिमायतसागर हे दोन जलाशय उभे राहिले. पुराचे कारण फुटलेल्या बांधांत होते, मेलेल्यांच्या पापात नव्हते.

आणि हे सांगायला बायबलबाहेर जायची गरज नाही. इयोबाचे पुस्तक आहे ना. इयोबाची पोरे गेली, गुरे गेली, अंगभर फोड आले. मित्र सांत्वनाला आले आणि पोथी उघडून बसले: तू काहीतरी केले असशील, देव उगाच कोपत नाही. पानेच्या पाने ते देवाची बाजू मांडतात. शेवटी देव बोलतो, आणि त्याचा राग कोणावर होतो? या मित्रांवर. शिव्याशाप देणारा, देवालाच जाब विचारणारा इयोब बरोबर बोलला असा निवाडा होतो, आणि देवाच्या कोपाची वकिली करणाऱ्यांनाच प्रायश्चित्त घ्यावे लागते. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मरतात. ते काय इतरांपेक्षा जास्त पापी होते, असे विचारून येशू स्वतःच सांगतो, नाही. आणि मग बोट वळवतो ऐकणाऱ्यांकडे: तुम्ही सुधारा. आमोसचाच डाव. इतकी स्पष्ट वचने हातात असताना मैदानात उभे राहून दुसऱ्याच्या पुराचा हिशेब मांडणाऱ्याला मी बायबलचा प्रचारक कसा म्हणू? तो इयोबाच्या मित्रांचा वंशज.

त्याच तेलंगणात दुसरे उदाहरणही आहे. हैदराबादहून शंभरेक किलोमीटरवर मेदकचे कॅथेड्रल आहे. चार्ल्स वॉकर पॉस्नेट या वेस्लियन मिशनऱ्याने दुष्काळाच्या दिवसांत लोकांना काम आणि अन्न मिळावे म्हणून त्याचे बांधकाम काढले; १९१४ मध्ये आरंभ झाला आणि २५ डिसेंबर १९२४ ला ते प्रार्थनेसाठी खुले झाले. मनोरा १७५ फुटांचा. इथे कुणी म्हणेल, भुकेलेल्यांकडून चर्च बांधून घेतले, हा धर्मप्रसाराचाच डाव. म्हणा. मलाही तो प्रश्न पडतो, आणि तिथल्या दलित कुटुंबांनी धर्म का बदलला याचे उत्तर भाकरीइतकेच गावच्या पाणवठ्यावरही शोधावे लागेल. पण एवढे तरी मान्य करा, की दुष्काळ हा कोप आहे असे सांगून तो माणूस परत गेला नाही.

योनाचे पुस्तक म्हणजे आपल्याकडे फक्त माशाची गोष्ट. मासा पहिल्या दोन अध्यायांत संपतो. खरी मौज चौथ्यात आहे. निनवे हे शत्रूचे शहर. ते पश्चात्ताप करते, देव शिक्षा मागे घेतो, आणि योना फुरंगटून बसतो. तो देवाला म्हणतो, मला ठाऊकच होते तू मंदक्रोध आहेस, म्हणून तर मी पळालो! सीनायवरचे तेच विशेषण इथे तक्रार म्हणून येते. देव पुरेसा रागावत नाही ही भक्ताची तक्रार! कोपिष्ट कोण आहे ते ग्रंथानेच दाखवून दिले आहे.

आता व्याख्याते महाशय. आपल्या देवाला नुसता भाव हवा, हे त्यांनी हैदराबादेत राहून म्हणावे याचे मला नवल वाटते. आषाढात तिथे बोनालु असतात. १८१३ साली हैदराबाद-सिकंदराबादेत महामारी आली, तेव्हा उज्जैनला तैनात असलेल्या पलटणीतल्या लोकांनी महांकाळीला नवस केला आणि परत येऊन १८१५ मध्ये सिकंदराबादेत तिची स्थापना केली, अशी कथा आहे. बायका डोक्यावर भाताचे मडके, कडुनिंबाचा पाला आणि वर दिवा घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी 'रंगम' होतो: अंगात आलेली बाई ओल्या मडक्यावर उभी राहून बोलते, मला विसरलात म्हणून रागे भरते, आणि मी तुम्हाला सांभाळीन असेही सांगते. एकाच तोंडाने. तिला 'अम्मा' म्हणतात. तिथे कुणाला दोन देव्या दिसत नाहीत.

आणि गोंयकाराला हे कोणी शिकवायचे? आपली शांतादुर्गा कोण? दुर्गा आहे आणि शांत आहे. शिव-विष्णूंच्या झगड्यात मध्ये उभी राहिली ती. सोळाव्या शतकात केळशीहून कवळ्याला यावे लागलेल्या या देवीच्या नावातच दोन्ही गोष्टी आहेत, आणि रोज ते नाव घेणारे आपण ख्रिस्त्यांना विचारतो, तुमचा देव रागीट की प्रेमळ?

केळशीचे नाव निघाले, तेव्हा इन्क्विझिशनला बगल देऊन पुढे जाणे बरे नव्हे. गोव्यात ते १५६० मध्ये आले आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत टिकले. चार्ल्स देलाँ हा फ्रेंच वैद्य त्या तुरुंगात होता. १६८७ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. मिरवणुकीच्या पुढे असलेल्या निशाणाचे वर्णन त्याने केले आहे: संत डॉमिनिक, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी, आणि खाली लॅटिनमध्ये 'न्याय आणि दया'. म्हणजे कोप आणि प्रेम यांचा मेळ घातलाच होता की! पण तो घातला माणसांनी, आणि तलवार स्वतःच्या हातात ठेवून. पौल रोमकरांना बजावतो की सूड तुम्ही घेऊ नका, ते देवावर सोडा, आणि वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. देवाचा क्रोध हा देवाचा म्हणून सांगितला आहे, त्याचे मुखत्यारपत्र कुणाला लिहून दिलेले नाही. म्हणूनच 'तुमच्या देवाच्या रागाने आमची देवळे पाडली' हे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. देवाच्या रागाचे मुखत्यार बनलेल्या माणसांनी ती पाडली, आणि असले मुखत्यार आज फक्त एका धर्मात उरले आहेत असे मानण्याइतका मी भाबडा नाही.

क्रूसाबद्दल थोडक्यात सांगतो. रागावलेला बाप, त्याला शांत करायला मुलाचे रक्त, हे चित्र कितीतरी प्रवचनांत ऐकू येते, आणि त्याची शिसारी येते म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. त्याचा उगम बराचसा मध्ययुगीन युरोपात आहे. १०९८ च्या सुमारास आन्सेल्मने मांडलेल्या विचारात देव हा मानभंग झालेल्या सरंजामदारासारखा आहे. भरपाई झाल्याशिवाय त्याची अब्रू राखली जात नाही. आपल्या भाषेत भाटकार आणि मुंडकार. पुढच्या सुधारकांनी मानभंगाच्या जागी शिक्षा घातली. पण योहानाच्या तिसऱ्या अध्यायातला क्रम पाहा: देवाने जगावर प्रेम केले आणि म्हणून पुत्र दिला. प्रेम आधी आहे. ते रक्त देऊन विकत घेतलेले नाही.

एवढे सगळे म्हटल्यावर पहिल्या शमुवेलाचा पंधरावा अध्याय उरतोच. अमालेकांना मारा, पुरुष, बायका, तान्ही मुले, गुरे, कुणाला सोडू नका, अशी आज्ञा तिथे देवाच्या नावावर आहे. यरीहोबद्दल पुरातत्त्ववाल्यांनी दिलासा देऊन ठेवला आहे. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ मध्ये तिथे खणले तेव्हा यहोशवाच्या मानलेल्या काळातली कोसळलेली तटबंदी सापडली नाही. पण कत्तल झाली नसेल, तरी ती झाली म्हणून अभिमानाने लिहिणारे होतेच. इथे मी हात जोडणार नाही. इथे राग गरिबाच्या वतीने आलेला नाही, आईच्या पोटातलाही नाही. तान्ह्या मुलाने कुणाला वहाणजोडासाठी विकले?

श्रद्धाळू वाचक म्हणतील, देवाशी वाद घालणारे तुम्ही कोण? तर ही वाट अब्राहामाने घालून दिली आहे. सदोमावर कोप होणार असे कळल्यावर तो मान डोलावत नाही. तो देवासमोर चक्क गाऱ्हाणे घालतो, आपले गावकर घालतात तसे. पन्नास चांगली माणसे निघाली तर सोडशील? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश अन्याय करील काय, असे तोंडावर विचारतो. मोशेही वासराच्या प्रकरणात देवाचा राग अडवून धरतो, आणि ग्रंथ सांगतो की देवाने ऐकले. तेव्हा अमालेकांच्या मुलांसाठी भांडणारा वाचक ग्रंथाबाहेरचा नाही. सदोमाच्या वेळी अब्राहाम दहावर येऊन थांबला. मी असतो तर आणखी खाली उतरलो असतो.